पाठीवरचा दम्याचा बिंदू: सुई, दाब आणि पंप

कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत छातीच्या तक्रारी वाढतात, हे ठरलेलं. यंदा मात्र निम्म्याहून जास्त पत्रांत पाठीवरची एकच जागा पुन्हा पुन्हा आली आहे. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये, मणक्याच्या दोन्ही अंगांना असलेला चिनी पद्धतीतला ‘फुफ्फुसाचा पॉइंट’. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरताहेत आणि बाजारच्या दिवशी सुया टोचणारेही फिरताहेत. म्हणून या वेळचं सदर त्या एकाच जागेला दिलं आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचे मालक जिनिंगवर गाडीतला कापूस उतरवायच्या कामाला आहेत. दोन वर्षं झाली, छाती भरते, रात्री घरघर वाजते. सरकारी दवाखान्यातून पंप दिलाय. आमच्याकडं बाजारच्या दिवशी एक जण चिनी सुया टोचायला येतो. त्यानं सांगितलं, पाठीत फुफ्फुसाचा पॉइंट असतो, तिथं दोन सुया उभ्या टोचल्या की दमा मुळासकट जातो, पंपाची सवय आधी मोडा. मालकानं चार दिवस झाले पंप बंद केलाय. सुया टोचून घ्याव्यात का?
— एक भगिनी, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर: ताई, आधी पंप सुरू करायला सांगा. अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून पत्रातल्या नंबरवर फोन करून तुमच्याशी हे बोलणं झालंच आहे. इथं पुन्हा लिहिते, कारण हाच घोळ आणखी किती तरी घरांत चालू असणार.

पंपाची सवय लागते, हा आपल्याकडचा फार जुना आणि फार घातक समज आहे. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. बाहेरची धूळ, धूर, थंड हवा लागली की त्या सुजलेल्या नळ्या आवळतात, आत चिकट कफ धरतो आणि माणसाला श्वास बाहेर सोडता येत नाही. सुं सुं आवाज येतो तो त्या आवळलेल्या नळ्यांतून हवा जाताना. लगेच मोकळं करणारा पंप, म्हणजे बहुतेकांकडं असतो तो निळा, नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो. त्याचा गुण काही तास टिकतो. दुसरा रोज घ्यायचा पंप असतो. तो सूज उतरवतो, पण हळूहळू. तो बंद केला की पहिले काही दिवस काहीच कळत नाही, माणसाला वाटतं सुटलो, आणि सूज मात्र आत परत चढत असते. मग एखाद्या रात्री ती सगळी एकदम अंगावर येते. तुमच्या मालकांचे चार दिवस बरे गेले असतील तर त्यामागचं कारण हे आहे.

आता सुयांचं. तो माणूस ज्या जागेबद्दल बोलतो ती जागा खरी आहे. चिनी वैद्यकात तिला फेइशू म्हणतात. मूत्राशयाच्या नावानं ओळखली जाणारी एक वाहिनी त्यांच्या शास्त्रात आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघून डोक्यावरून, पाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली पायाच्या करंगळीपर्यंत ती जाते. त्या वाहिनीवर 67 बिंदू मानले आहेत, त्यातला हा तेरावा. खोकला, धाप, छातीतला कफ यांसाठी शतकानुशतकं तिथं सुई टोचली जाते, शेक दिला जातो, दाबही दिला जातो. मी स्वतः एमबीबीएस झाल्यावर ॲक्युपंक्चर शिकले आणि परभणीत माझ्या दवाखान्यात हा बिंदू वापरतेही. तेव्हा मी या पद्धतीच्या विरोधात बोलतेय असं कुणी समजू नये.

पण ‘उभ्या सुया’ हे शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या जागी कातडी, थोडी चरबी, पाठीचे स्नायू, दोन बरगड्यांमधली जागा आणि लगेच फुफ्फुस. काटक, सडपातळ माणसात हे अंतर एक ते दोन सेंटीमीटर असू शकतं. तुमच्या मालकांसारखा हमाली करणारा माणूस, अंगावर मांस नाही, त्यात दम्यामुळं छाती फुगलेली. सुई सरळ आत गेली तर फुफ्फुसाला भोक पडतं, हवा गळून छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुस दबून बसतं. ॲक्युपंक्चरमध्ये जे मोजके गंभीर अपाय होतात त्यांत हा सगळ्यांत जास्त नोंदवला गेलेला. म्हणूनच शिकलेला माणूस तिथं सुई नेहमी तिरकी, मणक्याच्या दिशेनं आणि उथळ टोचतो. खोली किती? चिनी मापात अर्ध्या त्सुनपासून फार तर 0.8 त्सुन. एक त्सुन म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याची सांध्यापाशी असते तेवढी रुंदी. टोचणाऱ्याचा अंगठा धरायचा नाही, रोग्याचा धरायचा. बाजारात बसून, सदऱ्याखाली हात घालून उभी सुई टोचणाऱ्याला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

कुणी आधीच टोचून घेतलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. सुईनंतर एका बाजूला छातीत किंवा पाठीत कळ, कोरडा खोकला, पायऱ्या चढताना आधी नव्हती अशी धाप, हे लगेच किंवा काही तासांनीही सुरू होऊ शकतं. ‘सुईचा गुण बाहेर पडतोय’ असं कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. थेट दवाखाना, छातीचा एक्स-रे, आणि डॉक्टरांना सुई टोचल्याचं न लपवता सांगायचं.

सुयांनी दमा मुळासकट जातो का? नाही. माझ्याकडं जे रोगी रोजचा पंप नीट घेऊन स्थिर झालेले असतात, त्यांना मी फेइशूवर आणि मानेच्या मोठ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या डिंगच्वान नावाच्या बिंदूवर सुया देते. त्यांच्या मानेचे, खांद्याचे, पाठीचे स्नायू सैल पडतात. वर्षानुवर्षं ओढून श्वास घेतल्यानं ते स्नायू दोरखंडासारखे ताठ झालेले असतात. रात्रीची झोप सुधारते, जीव घाबरणं कमी होतं. हे रोगी सांगतात आणि मला ते खरं वाटतं. मात्र नळीत जोरानं फुंकून घेतलेल्या मोजमापात तसा फरक मला दिसलेला नाही. कोक्रेन या संस्थेनं दम्यावरच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा शिफारस करावी इतका पुरावा हाती लागत नाही असंच निघालं. फुफ्फुसांकडं जाणारे काही मज्जातंतू पाठीच्या याच वरच्या भागातल्या मणक्यांपाशी निघतात, त्यामुळं तिथल्या सुईचा किंवा दाबाचा काही परिणाम होत असावा, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे. पण त्याच्या भरवशावर पंप सोडावा इतकं ते भक्कम नाही. सुई पंपाच्या जोडीला चालेल, पंपाच्या जागी नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी मुद्दाम वर छापली नाही. कारण तिच्यावर वेगळं बोलायचं होतं. तुम्ही लिहिलंय, ‘सुट्टी करून कामावर गेले की पहिल्या दिवशी जास्त होतं, मग दोन-तीन दिवसांनी जरा उतरतं.’ ताई, सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाची ओळ हीच. कापसाच्या धुळीनं छाती आवळण्याचा एक आजार आहे, बिसिनोसिस. सूतगिरण्यांतल्या कामगारांत तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि त्याची खूणच ही, की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती घट्ट होते. जिनिंगमध्ये कापूस उतरवणारा, फावड्यानं ढकलणारा, सरकीच्या बाजूला उभा राहणारा माणूस तीच धूळ खातो. सुरुवातीच्या काळात धूळ टाळली तर त्रास मागं हटतो. तशीच वर्षं गेली तर छाती कायमची अधू होते. आपल्या कायद्यानंही हा कामामुळं होणारा आजार मानला आहे, त्यामुळं नुकसानभरपाईचा हक्क पोचतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांच्या कागदावर ‘जिनिंगमध्ये काम’ आणि ‘सुट्टीनंतर त्रास वाढतो’ हे लिहिलेलं असलं पाहिजे. मालकांना छातीच्या डॉक्टरांकडं न्या आणि हे वाक्य तुमच्याच शब्दांत, जसंच्या तसं सांगा. फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून मागा. कामावर उपरण्याचा फडका नाकाला बांधून भागत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क मुकादमाकडून मागून घ्यायचा. आणि जमलं तर गाडी उतरवण्याऐवजी गठाणी बांधायच्या किंवा बाहेरच्या कामावर बदली मागायची.

शिवाय दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. घरघर वाजते म्हणून सगळे दमाच धरून चालतात आणि क्षयरोग आत वाढत राहतो. आपल्याकडं उसाच्या तोडीवरून परतलेल्या माणसांत मी हे पाहिलं आहे. क्षय निघालाच तर औषधं फुकट मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा 1000 रुपये खात्यात येतात.

प्रश्न: मी नांदेडला होस्टेलवर राहून शिकतो. लहानपणापासून दमा आहे, पंप नियमित घेतो. व्हिडिओत पाठीवरचा बिंदू दाबून श्वास मोकळा होतो असं दाखवतात, पण प्रत्येक व्हिडिओत जागा वेगळी. नेमकी जागा कशी शोधायची? स्वतः दाबता येईल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: पंप नियमित घेतोस हे वाचून बरं वाटलं. दाब द्यायला काहीच हरकत नाही, त्यात सुईसारखा धोका नाही. खोलीतल्या मित्राला हे वाचून दाखव, कारण जागा दुसऱ्यानं शोधलेली बरी.

स्टुलावर बस, हात मोकळे खाली सोड, मान पुढं झुकव. मानेच्या मुळाशी एक हाड टचकन वर येतं. कधी कधी एकाखाली एक अशी दोन येतात आणि तिथंच सगळे चुकतात. मित्रानं दोन्हींवर बोट ठेवायचं आणि तू मान हळूच डावी-उजवी फिरवायची. वरचं हाड बोटाखाली सरकतं, खालचं जवळपास हलत नाही. जे हलतं ते मानेचा सातवा मणका. तिथून खाली बोट घसरवत एक, दोन, तीन असे पाठीचे मणके मोजायचे. घाई केली की एखादा सुटतो. तिसऱ्या मणक्याच्या टोकाच्या लगेच खाली थांबायचं.

आता ताळा करायचा. हात खाली सोडलेले असताना खांद्याच्या फऱ्यावर आडवा उंचवटा लागतो. त्याचं आतलं टोक साधारण तिसऱ्या मणक्याच्या रेषेत येतं. फऱ्याचं सगळ्यांत खालचं टोक सातव्याच्या रेषेत. मोजणी आणि फरा यांचा मेळ बसला की जागा बरोबर. मेळ बसला नाही तर पुन्हा वरून मोजायचं.

तिसऱ्या मणक्याखालच्या त्या ठिकाणापासून बाजूला दोन बोटं, तर्जनी आणि मधलं बोट जुळवून होतात तेवढी. बोटं तुझी धरायची. मित्र धिप्पाड असला आणि तू सडपातळ असलास तर त्याच्या दोन बोटांनी जागा फऱ्याच्या कडेला जाऊन पडेल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. बोटाखाली मणक्याला समांतर जाणारी स्नायूची जाड पट्टी लागते आणि ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांना बहुतेकदा तिथं दाबताच ‘हां, हेच दुखतं’ असं वाटतं.

जागा सापडली की खुर्चीवर उलटा बस, पाठटेकीवर उशी घे, तिला मिठी मारून डोकं टेकव. फरे आपोआप बाजूला होतात. मित्रानं दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंना ठेवून तू श्वास सोडताना हळू दाब द्यायचा, घेताना सैल करायचा. मिनिट-दोन मिनिटं पुरे. दुखेपर्यंत, काळंनिळं होईपर्यंत रगडायचं नाही, आणि हाडावर तर नाहीच. मित्र नसेल तर भिंत आणि पाठ यांच्यात टेनिसचा चेंडू धरून गुडघ्यात किंचित वाकत खाली-वर व्हायचं. मणक्यावर चेंडू येऊ द्यायचा नाही, एका वेळी एकाच बाजूला ठेवायचा.

हे सगळं बरं असतानाचं. दम चढला असेल, वाक्य पूर्ण करता येत नसेल, नखं-ओठ निळसर दिसत असतील, गळ्याखाली आणि बरगड्यांत श्वासाबरोबर खड्डे पडत असतील, तर पाठ दाबत बसायचं नाही. ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. निळा पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावून घ्यायचा. एक पफ, चार श्वास, मग दुसरा पफ, असे चार. चार मिनिटं थांबायचं, उतार नाही तर पुन्हा चार, आणि तोवर मित्रानं 108 ला फोन लावलेला असला पाहिजे. होस्टेलच्या निदान दोन मुलांना तुझा पंप कुठं ठेवलेला असतो हे ठाऊक हवं. आजच सांगून ठेव.

प्रश्न: माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला बाळदमा आहे. चीनमध्ये उन्हाळ्यात पाठीवरच्या बिंदूंवर मोहरी आणि आल्याच्या रसाचा लेप लावतात, मग हिवाळ्यात दमा उठत नाही, असं वाचलं. मोहरी आणि आलं तर घरचंच. आमच्या लहानपणी पाठीवर बिब्बा घालत, तसंच हे असावं. लावावं का?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर: गुरुजी, लावू नका.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. चिनी पंचांगात उन्हाळ्याच्या सर्वांत तापलेल्या दिवसांचे तीन टप्पे धरले आहेत, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत पांढऱ्या मोहरीची पूड, आणखी काही औषधं आणि आल्याचा रस यांचा लेप फेइशूसारख्या बिंदूंवर थोडा वेळ लावतात. हिवाळ्यातला आजार उन्हाळ्यातच हाणायचा, हा त्यामागचा विचार. तिकडच्या दवाखान्यांत त्या दिवशी रांगा लागतात. पण त्यांचा तो कडक उन्हाळा असतो तेव्हा आपल्याकडं आषाढ-श्रावण चालू असतो. आपला वैशाख त्यांच्या पंचांगात बसत नाही. आणि त्या लेपातली दुसरी औषधं आपल्या डब्यात नसतात. त्यातली काही तर विषारी आहेत, मोजूनमापून वापरावी लागतात.

राहिली मोहरी. ओली मोहरी कातडीवर बसली की तिच्यातून जे झणझणीत तेल सुटतं ते कातडी भाजतं. मोठ्या माणसालाही फोड येतात. सहा वर्षांच्या पोराची कातडी पातळ असते, आणि ‘आजोबा, भाजतंय’ असं तो म्हणेपर्यंत भाजून झालेलं असतं.

तुम्ही बिब्ब्याची आठवण काढलीत, म्हणून लिहिते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या एका बाई माझ्याकडं धाप लागते म्हणून आल्या होत्या. तपासायला पदर बाजूला केला तर दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, मणक्याच्या दोन्ही अंगांना, काळपट चकचकीत डाग. बाजूबाजूला, जोडीनं. वरचे दोन बिब्ब्याचे होते, खालचे दोन तापलेल्या लोखंडाचे, आजीनं लहानपणी दिलेले. स्टेथोस्कोप ठेवायला मला डागाविना जागा शोधावी लागली. मणके मोजले तर वरची जोडी तिसऱ्या मणक्याच्याच रेषेत आलेली. आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही तीच जागा सापडली होती. छाती आवळली की पाठीत तिथंच ओढ बसते, लेकरू तिथंच बोट दाखवतं, मग उपायही तिथंच झाला. त्या आजीचं प्रेम मला त्या डागांत दिसलं. पण त्या बाईंचा दमा त्या डागांनी गेला नव्हता आणि लहान वयात सोसलेल्या त्या चटक्याचं नाव काढताच त्यांनी डोळे मिटून घेतले. आज आपल्या हातात त्याहून बरं औषध आहे.

नातवाला रोजचा पंप दिला असेल तर तो स्पेसर आणि मास्क लावून तुम्ही स्वतः द्या. पोरांच्या हाती दिला की निम्मं औषध तोंडातच राहतं. नंतर चूळ भरायला लावा. हाताचे तळवे चोळून गरम करा आणि निजताना त्याच्या पाठीवर, फऱ्यांच्या मध्ये, अलगद फिरवा. तेवढा चिनी बिंदू त्याला पुरे आहे, आणि आजोबांचा हात पाठीवर असला की पोरांचा श्वास निवांत होतो, हे मी रोज बघते. कोजागरीच्या खिरीतलं औषध, हैदराबादला मृगावर दमेकऱ्यांना गिळवतात तो औषधाचा मासा, यांबद्दलही तुम्ही विचारलंय. दोन्हींनी दमा बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि जिवंत मासा गिळवण्यासाठी दमेकरी लेकराला गर्दीत, रात्रभराच्या प्रवासाला नेऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

प्रश्न: आई 70 वर्षांची. बिडी-तंबाखू कधी नाही, पण जन्म चुलीपुढं गेला. चार पावलांत धाप लागते. डॉक्टर सीओपीडी म्हणतात. ॲक्युपंक्चरवाल्यांनी पाठीवर सुया आणि मॉक्सा सुचवलंय. करावं का?
— एक वाचक, कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर: पाठीवर सुया नकोत. सीओपीडी म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुरा-धुळीनं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. त्यात फुफ्फुसं फुगून बसलेली असतात, काही ठिकाणी पातळ फुग्यांसारखी होतात. सुई जराशी खोल गेली तरी फुटायला वेळ लागत नाही, आणि आईंच्या फुफ्फुसांत ते सोसायची शिल्लक नाही. ॲक्युपंक्चर करायचंच असेल तर हातापायांवरचे बिंदू वापरायला सांगा, पाठीवर नुसता हलका दाब.

मॉक्साही नको. आपला दवणा ज्या कुळातला, त्याच कुळातल्या एका वनस्पतीच्या वाळल्या पानांची ती कांडी असते. ती पेटवून बिंदूजवळ धरतात. ऊब छान लागते, पण खोलीभर दाट धूर होतो. धुरानं अधू झालेल्या छातीला धुराचा उपचार द्यायचा, हे मला कुठल्याच शास्त्रात बसवता येत नाही. ऊबच हवी तर सुती कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा.

आईंना ओठ शीळ घालताना करतात तसे करून हळू श्वास सोडायला शिकवा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. चालताना, उठताना, आंघोळ करताना. पहिल्याच दिवशी फरक कळतो. चूल बंद करा. पाणी तापवायची चूलसुद्धा. हळद शिजवायच्या आणि पॉलिश करायच्या दिवसांत त्यांना मळ्यात नेऊ नका.

प्रश्न: आपले डॉ. कोटणीस चीनहून ॲक्युपंक्चर घेऊन आले, मग आपल्याकडं त्याला मान्यता का नाही? चांगला ॲक्युपंक्चरवाला ओळखायचा कसा?
— एक वाचक, जालना

उत्तर: डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले. ते परत आलेच नाहीत, त्यामुळं ॲक्युपंक्चर त्यांनी आणलं नाही. त्यांचं काम शस्त्रक्रियेचं होतं, युद्धातल्या जखमींवर. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढं पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणिसांचा मान मोठाच आहे, त्याला ही जोड लावायची गरज नाही.

मान्यता नाही हेही आता खरं नाही. केंद्र सरकारनं 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात तर त्याचा वेगळा कायदा आहे. त्यात परिषद आणि नोंदणीची सोय आहे. तेव्हा समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या, तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेल्या हव्यात. एकाच्या पाठीतली सुई पुसून दुसऱ्याला टोचली तर कावीळ बी आणि एचआयव्हीची वाट मोकळी होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि तुमच्या छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी जो बाजूला सारतो, पंप बंद करा म्हणतो, त्याच्यापुढून उठून या.

पाठीवर सुई घ्यायची वेळ आलीच, तर सदरा काढण्याआधी एक प्रश्न विचारा: सुई किती आत जाणार आणि कुठल्या बाजूला कलती ठेवणार? ज्याला येतं तो बोटानं स्वतःच्या हातावर दाखवून सांगेल, मणक्याकडं तिरकी आणि उथळ. ज्याला येत नाही तो म्हणेल, काळजी करू नका, काही होत नाही. अशा वेळी सदरा काढूच नका.